कष्टाळू, शांत आणि प्रामाणिक

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे आवाज चढला तर वाचणाऱ्यानं दचकायला नको. वर्गात मागच्या बाकावर मोबाईल वाजला की माझ्या हातातला खडू मोडतोच. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलायचं तर आधी अंदाज घ्यावा लागतो. पण कुणाबद्दल चार चांगले शब्द कागदावर लिहायची वेळ आली, की मी अगदी गरीब गाय होते. हात आखडतो. या आखडलेल्या हातानं मी एकदा माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं नुकसान केलं. त्याची ही हकिकत आहे.

मी गणित शिकवते. मुळशी तालुक्यात उरवड्याच्या बाजूला, कारखान्यांची रांग संपते तिथं एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथं मला सोळा वर्षं झाली. राहायला पिरंगुटात. नवरा आयटीत, तो घोटावड्याकडून हिंजवडीला जातो, मी उलट्या दिशेला. संध्याकाळी दोघंही आपापल्या ट्रॅफिकला शिव्या घालत घरी पोचतो. मूळचे आम्ही लातूरकडचे, पण आता इथल्या भाताची इतकी सवय झालीय की गावाकडे गेलं की तिसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही. आईला हे सांगायची सोय नाही.

कॉलेजातल्या पोरांना सारखी शिफारसपत्रं लागतात. नोकरीला, बाहेर शिकायला जायला. मी कुणालाच नाही म्हणत नाही. "सदर विद्यार्थी कष्टाळू, शांत आणि प्रामाणिक आहे." इंग्रजीतही हेच तीन शब्द. इतक्या वेळा लिहिलेत की आता माझ्याआधी माझा हातच ते लिहून मोकळा होतो. आणि खरं सांगते, माझ्या लेखी यापेक्षा मोठं कौतुक नव्हतंच.

हे शब्द मला शाळेतून मिळाले. आम्ही बौद्ध. घर गावाबाहेरच्या वस्तीत. मी ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत वडील शिपाई. दहावीच्या सहामाहीत गणितात मला दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस मिळाले, तेव्हा सरांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिला, "कष्टाळू, शांत व प्रामाणिक मुलगी." वडिलांनी तो शेरा वस्तीत घरोघर जाऊन वाचून दाखवला. ते प्रगतिपुस्तक अजून आईच्या ट्रंकेत आहे.

आता मैत्रिणीबद्दल. पीएचडी झाल्यावर मी दोन वर्षं अमेरिकेत होते. तिथल्या विद्यापीठात मला जी खोली मिळाली तिच्यात दोन टेबलं होती, आणि दुसऱ्या टेबलावर ती बसायची. अमेरिकेच्या दक्षिणेतली, कृष्णवर्णीय, माझ्याहून वीतभर उंच. हसली की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून जायची. तिची आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. माझे वडील शाळेत शिपाई आहेत असं मी म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपण दोघी शाळेत मागच्या दारानं आलो." मैत्री व्हायला एवढं पुरलं.

आम्ही जे करतो ते समजायला अवघड नाही. चार हा आकडा घ्या आणि फोडा. तीन आणि एक. दोन आणि दोन. दोन, एक, एक. चारही एकच एक. आणि न फोडता सबंध चार. झाले पाच प्रकार. आकडा मोठा होत गेला की हे प्रकार बेसुमार वाढतात, आणि त्या वाढण्यात काही शिस्त आहे का ते आम्ही शोधतो. नवरा याला फोडाफोडीचा धंदा म्हणतो. म्हणू दे.

मी परत आले, नोकरी धरली, लग्न झालं, मुलगी झाली. पण शनिवार सुटला नाही. माझी शनिवारची सकाळ म्हणजे तिची शुक्रवारची संध्याकाळ. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला पोह्यांची बशी, आणि पडद्यावर ती. आठवड्याभराचं गणित आणि आठवड्याभराची रडगाणी एकाच तासात उरकायची. एका शोधनिबंधात आम्ही आठ महिने अडकून पडलो होतो, तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे तिच्याकडे जाऊन राहिले. तिच्या स्वयंपाकघरात ती भांडी विसळत होती. मधेच नळ बंद करून वळली आणि म्हणाली, "आपण मोठ्या तुकड्याकडून मोजतोय म्हणून अडतंय. लहानाकडून मोजू." संपलं. अडलेला तिसरा भाग दोन दिवसांत लिहून झाला.

त्या निबंधावर मला कॉलेजात बढती मिळाली. गणितात एक रीत आहे. दोघांनी मिळून लिहिलं की नावं अकारविल्हे लागतात, कुणी काय केलं हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे सगळे "मॅडमचा पेपर" म्हणायचे. मी कधी दुरुस्ती केली नाही.

तिचं तिकडे कसं चाललं होतं? तिच्या विभागात ती एकटी कृष्णवर्णीय बाई. प्रवेशाच्या समितीवर ती, भरतीच्या समितीवर ती, कुणी विद्यार्थिनी रडत आली तर दार तिचंच. फोटो काढायचा असला की तिला पुढे उभी करायचे, आणि फोटो झाला की आणखी एका समितीवर बसवायचे. तिच्या डोक्यात एक मोठा प्रश्न दहा वर्षं घोळत होता. त्याला सलग वेळ हवा होता, आणि तिला मिळायचे ते तुकडे. "आपण आकडे फोडतो," ती एकदा म्हणाली, "आणि हे लोक मला फोडतात."

मग तिनं त्या फेलोशिपला अर्ज केला. तिकडे कृष्णवर्णीय गणितज्ञांसाठी अशी एक फेलोशिप आहे, नोकरीच्या मधल्या टप्प्यावरच्या माणसांसाठी. नवख्यांसाठी पुष्कळ काही असतं, नामवंतांना तर असतंच. मधल्या वयातल्या माणसाला कोण विचारतं? ही फेलोशिप त्याला एक सबंध वर्ष देते. शिकवणं नाही, समित्या नाहीत, हवं तिथं जा, बसा आणि विचार करा. अट एवढीच, की पीएचडीनंतरच्या ठरावीक वर्षांच्या आत अर्ज करायचा. तिच्या हातात दोनच संधी होत्या, तेव्हाची आणि पुढच्या वर्षीची. अर्जाबरोबर तीन पत्रं लागत. एक तिच्या जुन्या मार्गदर्शकाचं, एक विभागातल्या कुणाचं, आणि एक तिच्याबरोबर काम केलेल्या माणसाचं. म्हणजे माझं. पत्रं थेट त्यांच्या ऑफिसात जातात. अर्जदाराला ती कधीच दिसत नाहीत.

मी एक सबंध रविवार त्या पत्राला दिला. कष्टाळू लिहिलं. प्रामाणिक लिहिलं. स्वभाव शांत आणि मनमिळाऊ, विद्यार्थ्यांना सदैव मदत करते, हातातलं काम वेळेत पुरं करते, माणूस म्हणून उत्तम. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, वा, छान. मला अगदी भरून आलं होतं.

तिला फेलोशिप मिळाली नाही. "नाही झालं," एवढंच शनिवारी म्हणाली आणि लगेच मागच्या आठवड्याच्या गणिताकडे वळली. थोड्या वेळानं, आज केस फार विस्कटलेत असं काहीतरी सांगून तिनं कॅमेरा बंद केला. मी पोह्यांच्या बशीकडे बघत तिचा आवाज ऐकत राहिले.

पुढे सहाएक महिन्यांनी आमच्या विभागात एक तरुण प्राध्यापक आला, तीन वर्षं परदेशात काढून. आमची एक विद्यार्थिनी जर्मनीला जायचं म्हणत होती. तिच्यासाठी लिहिलेलं पत्र मी त्याला सहज दाखवलं, इंग्रजी एकदा बघ म्हणून. त्यानं वाचलं, उठून दार लोटलं आणि म्हणाला, "मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो."

"रागावेन. बोल."

"हे पत्र तिला बुडवेल."

म्हटलं, काय वाईट लिहिलंय? म्हणाला, वाईट काही नाही, तेच वाईट आहे. तिकडे कष्टाळू लिहिलं की वाचणारा समजतो, हुशार नाही. स्वभाव चांगला म्हटलं की समजतो, गणित बेताचं. त्यांना हवं असतं या माणसाला काय सुचलं, काय दिसलं, दुसऱ्या कुणाला ते का सुचलं नसतं. ते नसलं की लिहिणाऱ्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं, असंच ते धरून चालतात.

मी त्याला फैलावर घेतलं. तिकडच्यांना प्रामाणिकपणाची किंमत नाही, उठसूट बढाया मारायची सवय आहे, आम्ही तोंडावर कुणाची स्तुती करत नाही, असं बरंच काही सुनावलं. तो बिचारा ऐकून घेऊन तासाला निघून गेला. मग मी खुर्चीत बसले, आणि मैत्रिणीसाठी लिहिलेलं पत्र ओळीनं आठवत गेले. समोरच्या चहावर साय धरली.

त्या दिवशी मला शाळेतली आणखी एक गोष्ट आठवली. इतक्या वर्षांत आठवली नव्हती असं नाही, पण तिच्याकडे मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या वर्गात एका मोठ्या घरची मुलगी होती. गणितात तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क कमी. तिच्या प्रगतिपुस्तकावर त्याच सरांनी, त्याच पेनानं लिहिलं होतं, "अत्यंत बुद्धिमान." आम्ही दोघींनी एकमेकींचे शेरे वाचले होते. मला त्यात काही खटकलं नाही, तिलाही नाही. हुशार ती असणार, मी कष्टाळू असणार, हे जणू दोघींना आधीपासून ठाऊक होतं. त्या सरांनी जे मला दिलं, तेच मी माझ्या मैत्रिणीला दिलं होतं. तेही अभिमानानं!

मग मला आठवलं, दहा वर्षांपूर्वी माझ्या बढतीच्या वेळी तिनंही माझ्यासाठी एक पत्र पाठवलं होतं. प्राचार्यांच्या नावे आलेलं, मी कधी पाहिलं नव्हतं. पत्र कसं असतं ते निदान बघू तरी, म्हणून मी ऑफिसात गेले. आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क कोळवणचे. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. सकाळी शेतावर एक फेरी मारून मग बसनं येतात, आणि कॉलेजात कुठला कागद कुठं आहे हे त्यांच्याशिवाय कुणालाही माहीत नसतं.

"फाईल हाय की," ते म्हणाले, "जातीया कुटं? पर त्ये पत्र कॉन्फिडेन्शियल हाय, मॅडम. वर तसं लिवलंय."

"दहा वर्षं झाली, भाऊसाहेब."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. कपाटातून फाईल काढली, झटकली, टेबलावर ठेवली. "मी च्या घिऊन येतो. तवर फाईल हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि गेले.

माझ्या बाळंतपणाच्या रजेच्या अर्जामागे टाचणीनं लावलेलं ते पत्र होतं. दीड पान. तिनं लिहिलं होतं, मी आजवर ज्यांच्या शेजारी बसून गणित केलं त्यांत हिच्याइतकं लख्ख डोकं कुणाचंच नव्हतं. निबंधाचा सगळा डोलारा ज्याच्यावर उभा आहे तो तिसरा भाग हिच्या कल्पनेतून आला. शेवटी लिहिलं होतं, आपल्याकडे कोण शिकवतंय याची आपल्याला कदाचित कल्पना नसेल, म्हणून हे मुद्दाम कळवत आहे.

मला जन्मात कुणी हुशार म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं होतं तर ते दहा वर्षं रजेच्या अर्जामागे टाचणीला लटकत होतं. मी त्या ऑफिसात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी उभी राहून, पदर तोंडाला लावून रडले. भाऊसाहेब चहा घेऊन आले.

"चांगलं लिवलंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वाचलंय?"

"मंग? तवाच वाचलं. विंग्रजी येतं की थोडं."

"अहो, मग मला कधी बोलला का नाहीत?"

"कॉन्फिडेन्शियल हुतं," ते म्हणाले, आणि कप माझ्यापुढे सरकवला.

तिला सांगायला मला तीन शनिवार लागले. दर शनिवारी ठरवायचे, आणि गणितातच तास संपवायचे. चौथ्या शनिवारी ती म्हणाली, पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज करतेय, शेवटचा. तेव्हा मात्र मी सगळं सांगून टाकलं. माझ्या पत्रात काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं, एखाद्या पत्रानं घात केला असेल तर ते माझ्या मार्गदर्शकाचं असेल. मी इतके महिने त्या म्हाताऱ्याचा राग राग केला. त्याच्या वाढदिवसाला फोनसुद्धा नाही केला." थांबली. "तुझं असेल असं माझ्या मनातही आलं नाही."

मी माफी मागितली. आमच्याकडे अशीच पद्धत आहे, असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "माझ्या विभागाच्या दर वर्षीच्या अहवालात हाच शब्द असतो. कष्टाळू. दर वर्षी." आणि फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी पोहे करायची, टेबलावर बसायची, आणि पोहे गार झाले की उठायची. मुलगी म्हणाली, आई, तूच कर ना फोन. म्हटलं, कुठल्या तोंडानं करू?

तिसऱ्या आठवड्यात एक ईमेल आला. तिचा नव्हता, फेलोशिपच्या ऑफिसातून आपोआप येतो तसला. अमुक अर्जदारानं आपलं नाव शिफारसीसाठी दिलं आहे, कृपया खालील ठिकाणी पत्र भरावं. शेवटच्या अर्जासाठी ती दुसऱ्या कुणालाही विचारू शकली असती, पण तिनं पुन्हा माझंच नाव दिलं होतं. मी तो रुक्ष ईमेल कितीदा वाचला, देव जाणे.

तरुण सहकारी म्हणाला, मॅडम, मी देतो वाक्यं, तिकडची ठरलेली असतात. म्हटलं, नको. तिकडचीही नकोत आणि माझीही नकोत. काय घडलं तेवढंच लिहिते.

पण ते लिहिताना कळलं की हात नुसता पद्धतीमुळे आखडला नव्हता. थोडी जळत होते मी तिच्यावर. बोलायला लाज वाटते, पण होते. इतकी वर्षं दोघींची नावं शेजारी शेजारी छापून आली, त्यात मला एक समाधान होतं, की चला, आपण बरोबरीच्या. त्या नळ बंद करण्याचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्याचं कारणही हेच होतं. ते लिहिलं की "मॅडमचा पेपर" मॅडमचा उरत नाही. मी दोन दिवस त्या एका परिच्छेदाभोवती घुटमळले. तिसऱ्या दिवशी लिहिला. आठ महिने आम्ही दोघी कुठं अडलो होतो, मी कशी हात टेकून बसले होते, ती कशी वळली आणि काय म्हणाली. आणखी असे चार प्रसंग लिहिले. कुठंही मदत करते, समजून घेते, वेळेवर येते असं लिहिलं नाही. शेवटी लिहिलं, "ही बाई हुशार आहे. हे साधं वाक्य आजवर तिच्याबद्दल कुणी लिहिलं नसेल, तर ती चूक लिहिणाऱ्यांची आहे. त्यांतली एक मी आहे. माझ्या ओळखीतल्या सगळ्या गणितज्ञांत ती श्रेष्ठ आहे, माझ्याहून तर निश्चितच." पाठवायचं बटण दाबताना डोळे मिटून घेतले होते.

निकाल लागायला चार महिने गेले. दरम्यान शनिवारचे फोन सुरू झाले होते, पण जपून. दोघीही त्या विषयाच्या कडेकडेनं चालायचो. एका शनिवारी फोन लागला तर पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. कॅमेरा आडवा पडलेला, आणि कुठून तरी ती ओरडत होती. तिला मिळाली होती. माझ्या पत्रामुळे मिळाली असं मी कधीच म्हणणार नाही, ती तिच्या कामामुळे मिळाली. माझं पत्र या वेळी आडवं आलं नाही, एवढंच.

"हवं तिथं जा म्हणतात," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे येतेय."

ती भातकापणीच्या दिवसांत आली, चार महिन्यांसाठी. आमच्या फ्लॅटमध्ये जागेची बोंब, म्हणून भाऊसाहेबांनी कोळवणला त्यांच्या घराची वरची खोली दिली. "पावनी भात खाती न्हवं? मंग झालं," म्हणाले. कोळवणच्या रस्त्याला आता जिकडेतिकडे शहरातल्यांचे फार्महाऊस आणि त्यांच्या पाट्या, पण भाऊसाहेबांचं घर अजून खाचरांच्या मधोमध आहे.

पहिल्या दिवशी आम्ही पौडहून जीपनं निघालो. समोरच्या बाकावरचा एक जण मोबाईल काढून तिचा फोटो घेऊ लागला, तेव्हा मी त्याला असा काही झाडला की ड्रायव्हरनं गाडी हळू केली. ती म्हणाली, सोड, मला सवय आहे. म्हटलं, मला नाहीये. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सगळं निवांत ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "कुटल्या ह्या?"

"अमेरिकेच्या."

बाईंनी तिला नीट न्याहाळलं. "आगं बया! अमेरिकंत आपल्यावानी बी मानसं असत्यात व्हय?" आणि सरकून तिला आपल्याजवळ नीट बसायला जागा केली. मी तिला ते इंग्रजीत सांगितलं. उरलेल्या रस्ताभर तिनं त्या बाईंचा हात धरून ठेवला होता.

चार महिने ती कोळवणच्या त्या घराच्या पायरीवर वही घेऊन बसली. तिचा मोठा प्रश्न सुटला नाही, पण अर्ध्यावर आला, आणि अर्धा म्हणजे काय हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळतं. मी सुट्टीच्या दिवशी जायची. भाऊसाहेबांची बायको, मी तिला वहिनी म्हणते, अंगणात वाळत घातलेल्या भातात पाय ओढत फिरायची आणि फिरता फिरता हिच्यावर नजर ठेवायची. "बसल्या जागी एकटीच हसती ओ ही," मला एकदा म्हणाली. "काय तरी गावलं की हसती. म्या वळखते आता."

तिच्या जाण्याच्या आधीच्या रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, मी तिला सांगितलं की दहा वर्षांपूर्वीचं तिचं पत्र मी वाचलं. कॉन्फिडेन्शियल असून वाचलं.

"मग?"

"त्यात एक धडधडीत खोटं आहे. तिसरा भाग माझा नाही. तो तुझा. तू नळ बंद केलास आणि म्हणालीस."

ती म्हणाली, "मी नळ बंद केला, कारण तू मागून काहीतरी बोललीस आणि मला ऐकू आलं नाही. तू चिडलेली होतीस. म्हणालीस, सारखं काय मोठ्या टोकाला धरून बसायचं, लहानांना कुणी विचारतं का? मी फक्त ते गणितात म्हणून दाखवलं."

मला यातलं अक्षरही आठवत नाही. चिडलेली होते, हे मात्र पटलं. खरं कोणाचं, हे आता त्या स्वयंपाकघरालाच माहीत. आम्ही दोघी पायरीवर हसत बसलो. मग ती हसायची थांबली आणि हळूच म्हणाली, "तू दुसऱ्यांदा काय लिहिलंस, ते मला कधीच कळणार नाही ना?"

पत्र अर्जदाराला दाखवायचं नसतं, असा नियम आहे. गेला खड्ड्यात नियम. दहा वर्षं टाचणीला लटकलेल्या कागदाचं काय होतं ते मी बघितलं होतं. मी मोबाईलमध्ये ते पत्र काढलं आणि तिथं पायरीवर, भर दुपारी, मोठ्यानं वाचायला लागले. आठ महिने, स्वयंपाकघर, पुढचे चार प्रसंग. ती वहीकडे बघत ऐकत होती. शेवटच्या ओळींशी आले, त्याही वाचल्या. तोंडावर. तिनं वही उचलली आणि चेहऱ्यापुढे धरली.

वहिनी गिरणीला न्यायला पुन्हा वाळत घातलेल्या भातातून पाय ओढत आली. "काय वाचून दावताय एवढं? पावनी रडती का?"

"पत्र आहे, वहिनी. मी लिहिलेलं. ही फार हुशार आहे, असं लिहिलंय त्यात."

वहिनी एक पाय भातात तसाच ठेवून उभी राहिली. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मला खूळ लागलं की काय अशा नजरेनं. "मंग त्ये कागदावर कशाला लिवाया पायजे?" म्हणाली. "दिसतंया की!" आणि पाय ओढत पलीकडे गेली.

वहीच्या मागून तिनं विचारलं, "काय म्हणाली?"

मी सांगितलं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.